जाड अंगाने घरी योग करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी योग शिकवते आणि अंगाने चांगली भरलेली आहे. वर्गाला पहिल्यांदा येणाऱ्या बायका आधी माझ्याकडे बघतात, मग दारावरच्या पाटीकडे. त्यानंतर जे प्रश्न सुरू होतात ते जवळजवळ ठरलेले असतात. काही सगळ्यांसमोर विचारले जातात, काही वर्ग सुटल्यावर चपला घालताना हळूच. दोन्ही प्रकारचे इथे घेतले आहेत. पुरुषांचे प्रश्नही हेच असतात, फक्त ते विचारायला महिनाभर उशीर करतात.

आधी थोडं वजन उतरवते आणि मग सुरू करते. चालेल ना?

नाही चालणार. आहे त्या वजनात सुरू करा. वजन उतरायची वाट बघण्यात वर्षं जातात आणि तोवर गुडघे, कंबर, खांदे आणखी आखडून बसतात. पतंजलींनी आसनाबद्दल ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, एवढंच म्हटलं आहे. त्यात कमरेचं माप कुठे आलं?

साधनं घेऊन योग करणं म्हणजे कमीपणा, असंही काहींना वाटतं. पुण्यात राहून असं वाटावं याचं मला नवल वाटतं. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आले. लहानपणी क्षय, टायफॉइड, मलेरिया सगळं भोगलेला हा माणूस. ताठर, आजारी, वयस्कर माणसालाही आसन करता यावं म्हणून पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, दोर, खुर्च्या यांचा वापर त्यांनी पद्धतशीर बसवला. १९७५ साली त्यांची संस्था शिवाजीनगर भागात उभी राहिली आणि जगभरातले लोक ते शिकायला तिथे येतात. तेव्हा खुर्ची ओढून घ्यायला बिलकूल लाजू नका.

योगाने वजन कमी होतं का?

नुसत्या योगाने फारसं नाही. हे ऐकून काहीजणी परत येत नाहीत, तरी मी पहिल्याच दिवशी सांगते. शांतपणे केलेल्या आसनांना, स्वस्थ बसून राहण्याच्या साधारण अडीच पट ऊर्जा लागते. भरभर चालायला याहून जास्त लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. त्यातलं चालणं वेगळं धरा, जेवणाचा विचार वेगळा करा आणि योग वेगळा.

मग करायचा कशाला? जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागू नये म्हणून. खाली पडलेला चमचा कोणाला हाक न मारता उचलता यावा म्हणून. कंबरदुखी हटावी, निदान आटोक्यात राहावी म्हणून. आणि स्वतःच्या अंगाशी रोज अर्धा तास भांडण नसावं म्हणून. माझ्या वर्गात वजन काटा नाही, कोणी आणला तर मी तो कपाटात ठेवते.

डॉक्टरांना विचारायची गरज आहे का?

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, अलीकडे झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण, यातलं काही असेल तर हो, आधी विचारा. काचबिंदू असेल किंवा मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडला असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळायची. रक्तदाब ताब्यात नसेल तर तीही नकोत, कपालभाती नको आणि श्वास कोंडून धरणंही नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सकाळी अगदी उपाशीपोटी सुरुवात करू नये. वेळ कोणती हे डॉक्टरांशी ठरवा आणि साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवा.

करताना छातीत दुखलं, घेरी आली, दरदरून घाम फुटला तर थांबा आणि घरच्यांना हाक मारा. ‘एवढं पूर्ण करून मग बघू’ हा हट्ट करू नका.

थायरॉइड, पीसीओडी योगाने बरं होतं का?

गोळ्या बंद करू नका. योग सोबत करा.

घरात काय काय लागेल? ऑनलाइन संच मागवू का?

पहिले दोन-तीन महिने काही मागवू नका. बहुतेक मराठी घरांत सगळं असतं.

भिंत सगळ्यात महत्त्वाची. शोकेस नाही, तसबीर नाही, असा दोन-अडीच हात रुंदीचा तुकडा शोधा. लहान फ्लॅटमध्ये तो दाराच्या मागे नाहीतर फ्रिजच्या बाजूला सापडतो. दुसरी खुर्ची. लोखंडी घडीची किंवा जुनी लाकडी, शक्यतो हात नसलेली; हात असले की मांड्या दाबल्या जातात आणि वळायला जागा राहत नाही. प्लास्टिकची खुर्ची नको म्हणजे नकोच. वजन एका बाजूला गेलं की गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकतात. खुर्ची कोणतीही असो, तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवायची.

पट्ट्याऐवजी सुती ओढणी. सिल्कची निसटते. जुन्या सुती साडीची वीतभर रुंद पट्टी काढून दुहेरी शिवली तर दुकानातल्या पट्ट्यापेक्षा हाताला मऊ लागते. बैठकीतला लोड घ्या, पण कापसाचा, कारण फोमचा वजनाखाली पार चेपतो. जेवायला बसायचा पाट माळ्यावर गेला असेल तर खाली काढा. त्यावर चादरीची घडी टाकून बसलं की कंबर मागे कोलमडत नाही, पाठ आपोआप सरळ होते. ठोकळे हवेत? जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सुतळीने आवळून बांधा. माझ्याकडचे असे दोन गठ्ठे लाकडी ठोकळ्यांपेक्षा जास्त वापरले जातात.

मॅट घेणारच असाल तर ४ ते ६ मिलिमीटर जाडीची घ्या. जाड माणसाला जाड मॅट, असा दुकानदाराचा हिशेब असतो, पण १० मिलिमीटरच्या मऊ मॅटवर उभं राहिलं की पाय रुततो आणि तोल जातो. गुडघ्याखाली तेवढी चादरीची घडी घ्यायची. सतरंजी बसण्या-झोपण्यापुरती ठीक आहे. उभ्या आसनांना ती बाजूला करा, अनवाणी कोरड्या फरशीवर उभं राहा.

खाली बसले तर उठता येईल का, याचीच भीती वाटते.

हा चपला घालतानाचा प्रश्न. आणि माझ्या मते सगळ्यात खरा.

पहिले दोन आठवडे जमिनीवरची आसनं करूच नका. उभ्याने आणि खुर्चीवर बसून भरपूर करता येतं. त्या काळात जमिनीवर जायचा-यायचा रस्ता शिकून घ्या, घरात कोणीतरी असताना.

उतरताना खुर्ची भिंतीला टेकलेली, तिच्यासमोर चादरीची जाड घडी. दोन्ही तळहात खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. एक पाय मागे घ्या आणि त्या पायाचा गुडघा सावकाश घडीवर टेकवा, मग दुसरा. आता हात एकेक करून जमिनीवर आणा, म्हणजे रांगत्या बाळासारखं चार पायांवर आलात. तिथून एका बाजूच्या कुल्ल्यावर कला आणि बसा. धपकन बसायचं नाही. मधे कुठेही थांबून दोन श्वास घेता येतात हे लक्षात असू द्या, घाई झाली की गुडघ्यावर हिसका बसतो.

उठताना उलट. आडव्या असाल तर गुडघे वाकवा, कुशीवर वळा, तिथे क्षणभर थांबा. वरच्या हाताचा तळवा छातीसमोर जमिनीवर रोवून अंग वर ढकला. उताणं असताना तसंच सरळ उठायला गेलं की सगळा ताण कंबरेवर येतो आणि श्वासही कोंडतो. बसलात की पुन्हा चार पायांवर या, खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा. ज्या पायात जास्त जोर आहे तो पुढे घेऊन पाऊल पूर्ण टेकवा. श्वास सोडत हातांनी आणि त्या पायाने एकदम रेटा द्या. उभं राहिल्यावर लगेच हात सोडू नका, कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते.

ही चढउतार आठवड्यातून दोनदा, एका वेळी तीन-चारदा, आसन समजून करा. मांड्यांना यासारखा व्यायाम नाही.

पुढे वाकताना पोट मधे येतं. काय करू?

येणारच, त्याला जागा करून द्या. वर्गात सांगतात तसे पाय जुळवून ठेवलेत तर पोटाला जायला वाटच राहत नाही. उभ्याने वाकताना पावलं कंबरेइतकी किंवा जास्त लांब ठेवा, गुडघे किंचित सैल, हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. ओटा तर फारच उपयोगी. त्याच्या कडेवर हात टेकून मागे मागे चालत जा, कंबरेतून वाकून पाठ ओट्याला समांतर करा. हातापायांवर कुल्ले वर उचलून करायच्या अधोमुख श्वानासनात पाठीला जो ताण मिळतो त्यातला बराचसा इथेच मिळतो आणि मनगटं वाचतात.

पश्चिमोत्तानासनाला, म्हणजे बसून पाय पसरून पुढे वाकायला, पाटावर बसा, पाय फाकवा, ओढणी दोन्ही तळव्यांमागून घेऊन टोकं हातात धरा. मग मांड्यांखालचं मांस हाताने मागे आणि बाहेर ओढून घ्या, पोट दोन्ही हातांनी किंचित वर उचलून मांड्यांच्या मधे सोडा. हे कुठल्या तक्त्यावर छापलेलं नसतं, पण करून बघा, निम्मी अडचण तिथेच संपते. डोकं गुडघ्याला लावायचं नाही, छाती पुढे न्यायची आहे. आमच्या वर्गातल्या एक काकू कायम पाठीचा घुमट करून पायाच्या बोटांकडे झेपावायच्या. ओढणी दिली, पाट दिला, पाय लांब करायला लावले. पाठ सरळ झाली तसा त्यांनी मागे हात नेऊन मणके चाचपले आणि म्हणाल्या, “अगं, मला पाठीत हाडं आहेत की!”

वळण्याच्या आसनांत पोट आणि छाती दोन्ही आड येतात. जमिनीवर बसून वळायचं वक्रासन सोडा, खुर्चीवर आडवं बसून तिची पाठ दोन्ही हातांनी धरून वळा. खांदे कमी वळले तरी चालेल, श्वास अडता कामा नये. बालासनाला गुडघे भरपूर लांब घेऊन मधे लोड ठेवा आणि त्यावर पोट, छाती, गाल सगळं सोडून द्या. पालथ्याने भुजंगासन करताना छाती दबत असेल तर बरगड्यांच्या खाली चादरीची घडी घ्या. तरीही कोंडल्यासारखं झालं तर भिंतीसमोर उभं राहून करा.

सूर्यनमस्कार घालता येतील का?

येतील, खुर्चीवर. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात सूर्यनमस्कारांचा एवढा प्रचार केला की आपल्याकडे व्यायाम म्हटला की आकडाच आठवतो: कोण बारा घालतं, कोण शंभर. तो आकडा तूर्त विसरा.

खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यासमोर उभं राहा. नमस्कार, मग हात वर. श्वास सोडत गुडघे सैल ठेवून वाका आणि तळहात बैठकीवर. उजवा पाय मागे, मग डावाही मागे, अंग तिरकं पण सरळ रेषेत. साष्टांगाच्या जागी फक्त कोपरं थोडी वाकवा. मग छाती पुढे काढा, खांदे कानांपासून दूर. कुल्ले मागे आणि वर न्या. उजवा पाय पुढे, डावा पुढे, वर या, नमस्कार. पुढच्या वेळी डाव्या पायाने सुरुवात. पहिल्या आठवड्यात दोन पुरे. श्वास लागला तर खुर्ची समोरच आहे, बसून घ्या.

गुडघे दुखतात. जेवणानंतर वज्रासन करावंच लागतं का?

करावंच असं काही नाही. झिजलेल्या गुडघ्यांवर पूर्ण वजन देऊन बसल्याने पचन सुधारण्याआधी गुडघा सुजेल. जेवल्यावर घरातल्या घरात दहा मिनिटं शतपावली घाला. वज्रासनाची हौसच असेल तर पोटरी आणि मांडीच्या मधे लोड घालून बसा, घोट्याखाली नॅपकिनची गुंडाळी घ्या, आणि दुखल्याबरोबर उठा. गुडघ्यांसाठी खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून पाच श्वास धरणं जास्त कामाचं आहे. त्याला भारदस्त नाव नाही म्हणून लोक ते करत नाहीत.

पोट कमी करायला कपालभाती किती वेळ करू?

कपालभातीने पोटावरची चरबी उतरत नाही. शरीर एकाच जागेची चरबी निवडून जाळत नाही. हठयोगात कपालभाती ही शुद्धिक्रिया म्हणून येते. टीव्हीसमोर बसून अर्धा-अर्धा तास भाता ओढणाऱ्या लोकांची मला काळजी वाटते. नव्याने शिकणाऱ्याने जाणकारासमोर शिकावं आणि थोडकंच करावं. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण, पाळी चालू असताना नको. घरी एकट्याने करायला अनुलोम-विलोम बरा, श्वास न रोखता.

शवासनात उताणं पडलं की घुसमटतं.

छातीचा आणि पोटाचा भार मागे आणि वर येतो, त्यामुळे असं होतं. सपाट झोपू नका. लोड तिरका ठेवून त्यावर पाठ आणि डोकं टेका, गुडघ्यांखाली उशी. किंवा सरळ डाव्या कुशीवर झोपा, गुडघ्यांच्या मधे उशी घेऊन. डोळे मिटून पडलात की शवासनच ते. रात्रीही मोठ्याने घोरत असाल, दचकून जाग येत असेल, दिवसा पेंग येत असेल तर मात्र झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. ते योगाच्या आवाक्यातलं काम नाही.

कपडे कोणते घालू?

जुना, अंगाला सरावलेला पंजाबी ड्रेस चालतो. टी-शर्ट असेल तर आत खोचा, नाहीतर वाकल्यावर तो तोंडावर येतो आणि अर्धं लक्ष तो खाली ओढण्यात जातं. आतून छातीला घट्ट आधार देणारी ब्रा घाला, यात काटकसर नको. मांड्या एकमेकींना घासत असतील तर गुडघ्यापर्यंतची सुती टाइट्स. नंतर पोटाच्या वळीखाली, छातीखाली, जांघेत सुती पंचाने घाम कोरडा टिपा. ओल राहिली की पावसाळ्यात गजकर्ण व्हायला वेळ लागत नाही.

घरचे हसतात.

हसतात. मुलं व्हिडिओ काढतात, सासूबाई म्हणतात यापेक्षा फरशी पूस, नवरा काही म्हणत नाही पण दारातून बघून जातो. यावर माझ्याकडे योगिक उपाय नाही. दाराला कडी लावा. दार नसेल तर सकाळी दूध यायच्या आधीची किंवा दुपारी घर पांगल्यानंतरची वेळ घ्या, जेवून तीन-चार तास झालेले असावेत एवढंच. आणि व्हिडिओ काढणाऱ्या मुलाला खुर्ची धरायला बोलवा. माझा अनुभव असा की काम दिलं की हसणं बंद होतं.

ऑनलाइन वर्ग लावला तर?

लावा, पण शिक्षकाला आधीच स्पष्ट सांगा: माझं वजन एवढं आहे, गुडघा असा आहे, खुर्ची घेऊन करणार आहे. ‘चालेल, इतरांसारखंच करा’ असं उत्तर आलं तर दुसरा वर्ग बघा. जो ‘खुर्ची कशी आहे ती दाखवा’ म्हणतो त्याच्याकडे राहा. कॅमेरा समोरून न लावता बाजूला ठेवा, वाकताना पाठ दिसली पाहिजे. जागतिक योग दिनाचा आयुष मंत्रालयाने बसवलेला जो ४५ मिनिटांचा क्रम आहे, तोही यूट्यूबवर बघून जशाचा तसा करू जाऊ नका. मानेच्या, खांद्याच्या, कंबरेच्या सुरुवातीच्या हालचाली घ्या, पुढचं खुर्चीवर बसवा.

रोज किती वेळ?

वीस मिनिटं. आठवड्यातून पाच दिवस जमलं तर छानच. पाहुणे आले, गौरी-गणपती आले, आठवडा बुडाला तर पुन्हा खुर्चीवरच्या हालचालींनी सुरू करा, जिथे सोडलं तिथून एकदम उडी नको.

दुखलं तर चांगलं की वाईट?

मांडीच्या किंवा पाठीच्या मधल्या भागात ताणल्याची ओढ, जी श्वासागणिक सैल होते, ती चालेल. सांध्याच्या आत टोचणं, मुंग्या, पायात कळ जाणं चालणार नाही. हात टेकून मनगट दुखत असेल तर मुठी टेका किंवा कोपरापासूनचा हात टेका, नाहीतर भिंतीवर करा. दुसऱ्या दिवशी अंग आंबलं तर काळजी नको, तिसऱ्या दिवशीही उठवत नसेल तर तुम्ही जास्त केलंत.

मला कधी शीर्षासन जमेल का?

जमेलही. पण मी स्वतः करत नाही आणि घरी एकट्याने करायला कोणालाच सांगत नाही. मानेचे मणके एवढा भार पेलण्यासाठी घडलेले नाहीत आणि आपल्या बाबतीत भार जरा जास्तच. त्याऐवजी भिंतीला पाय लावा, म्हणजे विपरीत करणीचा सोपा प्रकार. भिंतीला खेटून आडवं बसा, कुशीवर पडा, मग उताणं होत पाय भिंतीवर न्या. कुल्ले भिंतीपासून वीतभर दूर राहिले तरी चालेल, पोट दबत नाही तेवढं अंतर ठेवा. डोक्याखाली पातळ उशी. दिवसभर उभं राहून पाय सुजत असतील तर संध्याकाळी पाच मिनिटं. काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर तेवढंही डॉक्टरांना विचारून करा.